मानशीवरचे आठ दिवस

पहिला दिवस, गुरुवार

रत्नागिरीहून मांडवी एक्सप्रेसने निघाले आणि संध्याकाळी गोव्यातल्या करमळीला उतरले. सोबत एक कपड्यांची पिशवी होती आणि एक लांबट पेटी. पेटीत ऑटो लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची मोजायची दुर्बीण. पाटबंधारे खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी या दुर्बिणीला डोळा लावून गेली असतील. निवृत्त झाल्यावर आम्हा चार जणींनी पैसे काढून हे जुनं यंत्र विकत घेतलं. ज्यांना गरज आहे पण मोजणीदार परवडत नाही अशा गावांत ते घेऊन जायचं, एवढाच ठराव. आजवर दोन गावं झाली होती, दोन्ही घाटावरची. खाऱ्या पाण्याशी माझी गाठ पहिल्यांदाच पडत होती.

रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी नदी ओलांडली. पलीकडे चोडण बेट. सूर्य मावळला होता आणि कांदळांच्या रांगेमागे आभाळ अजून तांबूस होतं. धक्क्यावर मास्तर घ्यायला आले होते. प्राथमिक मराठी शाळेत आयुष्यभर शिकवलेले, वय पंच्याहत्तर, पांढरा सदरा, सायकल हातात धरलेली. "ताई, सामान एवढंच?" म्हणून त्यांनी पेटी स्वतःच सायकलच्या कॅरिअरवर बांधली.

वाड्याचं नाव मी इथे लिहीत नाही. पुढे पैशांचा आणि मासेमारीच्या ठेक्याचा विषय येणार आहे, आणि ती माणसं अजून एकमेकांच्या शेजारीच राहतात.

मास्तरांच्या ओसरीवर आणखी दोन पाहुणे होते. एक बांगलादेशातल्या खुलन्याचे पाण्याचे अभियंते, पन्नाशीचे, हिंदी बऱ्यापैकी बोलणारे. दुसरी केनियाच्या किनाऱ्यावरची, हिशेबनीस, चाळिशीची. ज्या छोट्या संस्थेने आम्हाला जमवलं तिचं म्हणणं साधं होतं. खारजमिनीचा प्रश्न तिन्ही किनाऱ्यांना आहे, तेव्हा तिन्हीकडची कसबी माणसं आठ दिवस एका बांधावर एकत्र चालू देत. मानधन कोणालाच नाही. राहणं गावात, जेवण घरच्यासारखं. उकड्या तांदळाचं शीत, सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी आणि लोणचं. मी मूळची वेंगुर्ल्याची, त्यामुळे पहिल्या घासालाच घरी आल्यासारखं झालं.

दुसरा दिवस, शुक्रवार

सकाळी आठलाच बांधावर. पुढचं समजायचं तर आधी हे खाजन नीट डोळ्यांसमोर यायला हवं.

गोव्यात नदीमुखांजवळची सुमारे १८,००० हेक्टर जमीन अशी आहे की ती भरतीच्या पातळीच्या खाली येते. शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी कांदळवनाचा काही भाग बांध घालून वेगळा केला आणि आत भात घेतलं. बांध चिखलाचा. त्यात भाताचा पेंढा, बांबू, आणि जिथे नदीचा मारा जास्त तिथे चिऱ्यांची भिंत. बाहेरच्या अंगाला कांदळ राखलेले, कारण लाटेचा जोर तेच मोडतात. आत शेतांच्या मधून एक खोलगट पाण्याची जागा, तिला पोंय म्हणतात. आणि पोंय जिथे नदीला मिळते तिथे मानस.

मानस म्हणजे चिऱ्यांच्या भिंतीत बसवलेल्या लाकडी झडपा. भरती आली की बाहेरचं पाणी झडपांवर रेटतं आणि त्या बंद होतात. ओहोटी लागली, बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली, की आतलं पाणी त्या उघडतं आणि बाहेर पडतं. ना मोटर, ना वीज. पावसाळ्यात शेतातला निचरा आपोआप होतो. मिठाला टिकणारा कोरगुट भात याच व्यवस्थेवर उभा आहे. आधी पावसाच्या पाण्याने जमिनीतलं मीठ धुऊन निघतं, मग पेरणी.

आम्ही पोचलो तेव्हा भरती चढत होती. झडपांच्या फटींतून पाण्याच्या बारीक पिचकाऱ्या आत येत होत्या. मानस सांभाळणारे आजोबा शेजारच्या दगडावर बसले होते. सत्तरी ओलांडलेली, अंगात फक्त अर्धी चड्डी आणि खांद्यावर पंचा. त्यांची कोंकणी मला मालवणीच्या कानाने समजत होती. मी हिंदीत सांगायची, खुलन्याचे भाई इंग्रजीत केनियाच्या बाईंना सांगायचे. अशा तीन उड्या मारून आजोबांचं एकेक वाक्य पलीकडे पोचायचं.

दुपारी एकच्या सुमाराला ती वेळ आली. बाहेरचं आणि आतलं पाणी सारखं झालं, पिचकाऱ्या थांबल्या, क्षणभर सगळं स्तब्ध. मग झडप चार बोटं हलली, आणि आतलं पाणी सावकाश बाहेर सरकू लागलं. "सुकती," आजोबा म्हणाले. भाई म्हणाले, "भाटा." केनियाच्या बाईंनी आपला शब्द सांगितला, "माजी कुप्वा." माजी म्हणजे पाणी. मी अठ्ठावीस वर्षं दरवाजे उघडायचे हुकूम काढले आहेत, पाणी सोडायच्या तारखांवर भांडणं ऐकली आहेत. कुणी हुकूम न देता उघडणारं दार मी आजवर पाहिलं नव्हतं. किती तरी वेळ तिथून हलवलं नाही.

परत येताना भाई गप्प होते. रात्री ओसरीवर बोलले. त्यांच्याकडे १९६० च्या दशकात परदेशी पैशाने आणि परदेशी सल्ल्याने किनाऱ्यावर मोठे बांध घातले गेले. असे बांधांनी वेढलेले १३९ पोल्डर. हेतू चांगला होता, आणि सुरुवातीची काही वर्षं भात भरपूर आलं. पण त्या नद्या गाळ आणतात. आधी भरतीबरोबर गाळ शेतांवर पसरायचा, जमीन दरवर्षी थोडी उंचावायची. बांध आल्यावर गाळाला जायला जागा उरली नाही, तो नदीच्या पात्रातच बसला. पात्र वर आलं, आतली जमीन खालीच राहिली, झडपांपुढे गाळ साचला आणि पावसाचं पाणी आतच तुंबलं. १९९० मध्ये बील डाकातियाच्या लोकांनी शेवटी स्वतः बांध कापला आणि भरतीला आत घेतलं. पुढे सरकारी अभियंत्यांनी त्याच गोष्टीला शास्त्रीय नाव देऊन ती पद्धत म्हणून स्वीकारली.

"मी तेव्हा विद्यार्थी होतो," भाई म्हणाले. "पुस्तकात शिकत होतो ते एक, आणि शेतकरी कुदळ घेऊन करत होते ते दुसरं."

झोप लागेपर्यंत माझ्या डोक्यात तेच होतं. ज्यांनी ते बांध आखले ते काही अडाणी नव्हते. त्यांचं गणित माझ्यापेक्षा पक्कं असणार. पण त्यांनी आजोबांसारख्या कुणाच्या शेजारी बसून भरतीपासून ओहोटीपर्यंत एक दिवस काढला होता का?

तिसरा दिवस, शनिवार

आजपासून मोजणी. मास्तरांची नात माझ्यासोबत होती. पणजीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकते, सुट्टी काढून आली होती. आणखी दोन मुलं स्टाफ, म्हणजे मोजपट्टीची उंच काठी, धरायला.

सर्व्हे ऑफ इंडियाचा बेंचमार्क, म्हणजे उंची ठरवून दिलेली खूण, जवळपास नव्हता, म्हणून वाड्याच्या चौकातल्या खुरसाचा, म्हणजे क्रुसाचा, चिऱ्याचा पायथा आम्ही १०.००० मीटर मानला. हिंदू घरं आणि ख्रिस्ती घरं, दोन्ही त्या पायथ्यावर संध्याकाळी टेकतात, त्यामुळे ती खूण कुणी हलवणार नाही याची मला खात्री होती. तिथून बांधाकडे, बांधावरून मानशीपर्यंत आणि परत खुरसापर्यंत, सुमारे दोन किलोमीटरचा फेरा. फेरा पुरा झाल्यावर उंची पुन्हा १०.००० यायला हवी. जो फरक येईल ती आपली चूक. साधारण कामाला मान्य चूक म्हणजे किलोमीटरच्या वर्गमुळाला २४ ने गुणायचं, उत्तर मिलिमीटरमध्ये. दोन किलोमीटरला ३४ मिलिमीटर.

आमची चूक ६१ आली.

मी सगळी बेरीज पुन्हा तपासली, यंत्राची दोन खुंट्यांची चाचणी घेतली. यंत्र ठीक होतं. नातीचा चेहरा उतरला, तिला वाटलं तिनेच वाचन चुकीचं घेतलं. आजोबा सकाळपासून लांबून बघत होते. ते जवळ आले आणि बांधावरच्या एका जागेवर टाचेने दाबून म्हणाले, "बाय, हांगा माती मोव. काठी देंवता."

माती मऊ आहे, काठी खाली जाते. चूक माझी होती. यंत्र एका जागेहून दुसरीकडे नेताना काठी ज्या बिंदूवर ठेवतात तो पक्का हवा, हे मी शेकडो मुलांना शिकवलं आहे. पण घाटावर मुरूम असतो, काठी कुठेही ठेवली तरी बसत नाही. इथे ताज्या चिखलाने डागडुजी केलेल्या बांधावर मी तीन वेळा तसा बिंदू घेतला होता, आणि दोन वाचनांच्या मध्ये काठी तेवढीशी खचली होती. आजोबांनी ते नुसत्या नजरेने पाहिलं. सकाळी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं तेव्हा मास्तरांनी हळूच सांगितलं की शिकलेली माणसं काम करताना मध्ये बोलू नये, असं त्यांना वाटतं.

हे वाक्य मला फार लागलं. दुपारभर मनातून गेलं नाही.

संध्याकाळी मी आजोबांना विचारून बांधावरच्या पक्क्या जागा ठरवल्या. चिऱ्याचं तोंड कुठे उघडं आहे, जुना बांध कुठे आहे, नवा चिखल कुठे आहे, कुर्ल्यांनी बिळं करून बांध कुठे पोकळ केला आहे. त्यांनी चालत चालत दाखवलं, नातीने वहीत नकाशा काढला. पायाने दाखवलेली ती सगळी माहिती पहिल्यांदाच कागदावर आली.

चौथा दिवस, रविवार, माघ पौर्णिमा

सकाळी पुन्हा फेरा घेतला, सगळे बिंदू चिऱ्यावर. चूक ९ मिलिमीटर. नातीने वही मास्तरांना नेऊन दाखवली.

पण आजचं खरं काम रात्रीचं. उधाणाची भरती बांधावर कुठवर चढते हे मोजायचं होतं. मास्तरांनी जेवताना हिशेब मांडला. "तिथीची पाऊणपट. पंधरा पाऊण सव्वाअकरा." म्हणजे पूर्ण भरती सव्वाअकराच्या सुमाराला. पाऊणकीचा पाढा त्यांनी चोडणच्या दोन पिढ्यांकडून पाठ करून घेतला आहे. मच्छीमारही असाच हिशेब धरतात. आणि हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी, पावसाळ्यात उलट, हे आजोबांनी जोडलं.

साडेआठला आम्ही मानशीवर पोचलो. काठी बाहेरच्या भिंतीला बांधली, दर पंधरा मिनिटांनी वाचन. चांदणं इतकं लख्ख होतं की आकडे टॉर्चशिवाय दिसत होते. पलीकडे रायबंदरचे दिवे, मधून जाणाऱ्या बोटीचा आवाज, आणि मग ती गेल्यावर काही क्षणांनी तिची लाट बांधावर येऊन थडकायची. प्रत्येक लाटेनंतर पाणी शांत होईपर्यंत थांबावं लागे. नदीतल्या वाहतुकीने बांध कसा झिजतो याची वेगळी चर्चा करायची गरज उरली नाही.

अशा रात्री गप्पा निघतातच. परक्या देशात जाऊन आपली विद्या वापरायची ही कल्पना कशी बदलत गेली, यावर बोलणं चाललं होतं. ब्रिटनमध्ये १९५८ साली व्हीएसओ ही स्वयंसेवक पाठवणारी संस्था सुरू झाली तेव्हा शाळा संपवलेली अठरा वर्षांची मुलं परदेशी पाठवत. पुढे त्यांच्या लक्षात आलं की गावांना अनुभवी शिक्षक, दाई, अभियंते हवे आहेत. अमेरिकेचं पीस कोअर १९६१ मध्ये निघालं, आणि त्याचे स्वयंसेवक १९७६ पर्यंत भारतातही होते. मास्तरांना ते दिवस आठवत होते. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवकांचा कार्यक्रम १९७० मध्ये ठरला, आणि आज त्यातले बहुतेक स्वयंसेवक आपल्यासारख्याच देशांतले आहेत. दक्षिणेकडून दक्षिणेकडे. राजस्थानात तिलोनियाला आफ्रिकेतल्या आज्या येऊन सौरदिवे जोडायला शिकून गेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. केनियाच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे तरुण परदेशी येतात आणि शाळेच्या भिंती रंगवतात. आमच्याकडे रंगारी आहेत. त्यांना तेव्हा काम नसतं."

मला हे पटतं, आणि स्पष्ट लिहायला हवं. जे काम गावातला माणूस मजुरी घेऊन करू शकतो ते फुकट करणं ही मदत नाही. म्हणूनच या आठ दिवसांत बांधावर चिखल टाकायला आमच्यापैकी कुणी हात लावला नाही. ते काम करणारी माणसं वाड्यात आहेत आणि त्यांना त्याचे पैसे मिळायला हवेत.

पाणी सर्वांत वर आलं ते साडेअकराच्या जरा पुढे. पातळी ९.३१. सकाळच्या मोजणीनुसार बांधाचा माथा बहुतेक ठिकाणी ९.८० च्या आसपास आहे. पण एका चाळीस मीटरच्या टप्प्यात तो ९.५२ वर बसला आहे. म्हणजे तिथे पाण्यात आणि माथ्यात फक्त २१ सेंटिमीटर, तेही वारा पडलेला असताना, पाऊस नसताना. आणि आतलं सर्वांत सखल शेत ८.०५ वर. भरतीच्या वेळी नदी त्या शेतापेक्षा सव्वा मीटर उंच उभी असते, मध्ये फक्त चिखलाची भिंत.

मी आजोबांना तो टप्पा सांगायला गेले. माझं बोलणं पुरं व्हायच्या आतच त्यांनी हात त्याच दिशेला केला. "थंय उदक चडटा." तिथे पाणी चढतं. त्यांना ठाऊकच होतं. पण त्यांच्या ठाऊक असण्यावर कुठल्या कार्यालयातून डागडुजीचा एक रुपया निघत नाही. त्यासाठी आकडा लागतो, आणि तो आकडा आता वहीत होता.

पाचवा दिवस, सोमवार

जागरणामुळे सगळे उशिरा उठले. दुपारी मास्तर आम्हाला माशेलला देवकीकृष्णाच्या देवळात घेऊन गेले. हा देव मूळचा चोडणचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज काळात नदीपलीकडे नेला गेला. आईच्या कडेवरचा कृष्ण. केनियाच्या बाई गाभाऱ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. दुसरं काही सांगण्यासारखं नाही.

सहावा दिवस, मंगळवार

आज वह्यांचा दिवस.

जुन्या काळी बांधाची जबाबदारी गावकारीची, म्हणजे गावच्या मूळ कुटुंबांच्या मंडळाची असे. हे रिवाज इतके जुने की १५२६ मध्ये आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने ते लिहून काढले तेव्हाच ते पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. पुढे गावकारीला कोमुनिदाद हे पोर्तुगीज नाव मिळालं. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकी मिळाली. हे न्यायाचंच होतं. पण बांध हा कुणा एकाचा नसतो. तो आता शेतकऱ्यांच्या असोसिएशनकडे आला. असोसिएशनचं मुख्य उत्पन्न म्हणजे मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव. ओहोटीच्या वेळी पोंयेतलं पाणी बाहेर पडतं तेव्हा तोंडाला जाळं लावतात. त्यात सुंगटां, शेवटे, कालुंदर, कुर्ल्या सापडतात. ठेकेदार वर्षाचा ठेका घेतो, त्या पैशातून बांध राखायचा.

इथेच दुखणं आहे. माशांना खारं पाणी आत हवं, भाताला नको. झडप थोडी अडवून ठेवली की भरतीचं पाणी आत येतं आणि मासे वाढतात. जास्त दिवस अडवली की कडेच्या शेतात मीठ चढतं. मग शेतकरी पेरत नाही. पेरत नाही म्हटल्यावर बांधाकडे बघत नाही. पडीक शेत वाढत जातं.

ठेकेदार सकाळी स्वतःहून आला होता. तिशीचा, नावेचं कर्ज डोक्यावर. मला तो लबाड वाटला नाही. त्याने ठेक्याचे पैसे पुरे भरले होते आणि ते कुठे गेले हे त्यालाही कळलेलं नव्हतं. वाड्यात कुणालाच नीट कळलेलं नव्हतं. पावत्या होत्या, पण तीन घरांत तीन पिशव्यांत.

केनियाच्या बाई सकाळी नऊपासून जमिनीवर मांडी घालून बसल्या. भाषा येत नाही, पण आकडे येतात. नात पावती वाचायची, त्या तारखेप्रमाणे लावायच्या. संध्याकाळपर्यंत पाच वर्षांचा जमाखर्च एका लांब कागदावर उभा राहिला. चोरी कुठेच नव्हती. पैसे खरोखर बांधावर गेले होते, फक्त दरवेळी फुटल्यावर, घाईत, महाग दराने. न फुटता राखण्यावर पाच वर्षांत जवळजवळ काहीच खर्च नव्हता.

त्यांनी आपल्याकडची गोष्ट सांगितली. केनियात गाझीच्या खाडीवर ११७ हेक्टर कांदळवन गावकरी राखतात. नाव मिकोको पामोजा, म्हणजे सगळ्यांचे मिळून कांदळ. कांदळ जो कार्बन धरून ठेवतात त्याचा मोबदला २०१३ पासून गावाला मिळतो, आणि त्यातून शाळेला, पिण्याच्या पाण्याला पैसे जातात. कशावर खर्च करायचा ते गाव बसून ठरवतं. "पैसा किती आला यावर भांडण होत नाही," त्या म्हणाल्या. "पैसा दिसला नाही की भांडण होतं."

मग त्यांनी विचारलं, या वाड्यात रोज सगळे जिथून जातात अशी भिंत कुठली? उत्तरं दोन होती. रेशनच्या दुकानाची आणि फेरीच्या वाटेवरच्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची. दोन्हीकडे काळा फळा लावायचं ठरलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी जमा, खर्च, शिल्लक. खडूने. मोबाइलवर गट काढायची सूचना कुणीतरी केली होती, ती मास्तरांनी बाजूला ठेवली. आजोबांकडे मोबाइल नाही, आणि मानस तेच सांभाळतात.

सातवा दिवस, बुधवार

सकाळी मी यंत्राला हात लावला नाही. खुरसाजवळच्या ओट्यावर बसून राहिले. नातीने तिपाई लावली, बुडबुडा मध्ये आणला, पहिलं वाचन घेतलं. दोघा मुलांनी काठ्या धरल्या. आजोबा पुढे चालत होते आणि बिंदूच्या जागा दाखवत होते. मी दिलेला एकच मंत्र ती पुटपुटत होती, "मागचं मिळव, पुढचं वजा कर." दोन तास ते मला दिसतही नव्हते. बसवत नव्हतं. आपण केलं तर अर्ध्या वेळात होईल, हा विचार पुन्हा पुन्हा येत होता, आणि तो दाबून बसणं हे या आठवड्यातलं सर्वांत अवघड काम होतं.

परत आले तेव्हा तिची चूक १४ मिलिमीटर होती. मान्य मर्यादेच्या आत. तिने ती स्वतः काढली, स्वतः तपासली, मला नुसतं दाखवलं.

संध्याकाळी शाळेच्या पडवीत सभा. चाळीसएक माणसं, त्यात बायका अर्ध्याहून जास्त. आधी जमाखर्चाचा लांब कागद भिंतीवर लावला. बराच वेळ कुणी बोललं नाही, मग सगळे एकदम बोलू लागले. ते शांत व्हायला तासभर गेला. तेवढा लागणारच होता.

मग रेघेचा विषय. आमचा प्रस्ताव असा होता की मानशीच्या आतल्या भिंतीवर एक तांबडी रेघ ओढायची. आतलं पाणी त्या रेघेपर्यंत आलं की झडप अडवायची नाही, ठेकेदार कोणीही असो. सर्वांत सखल शेत ८.०५ वर, म्हणून मी रेघ ७.९० वर सुचवली होती, १५ सेंटिमीटर खाली. आजोबा सभेत सहसा बोलत नाहीत. आज उठले. रेघ आणखी चार बोटं खाली घ्या, म्हणाले. पावसाचं पाणी आतून येतं, त्याला जागा ठेवायला हवी, आणि अमावास्येच्या उधाणात सुकती उशिरा लागली की निचऱ्याला वेळ कमी मिळतो. भाईंनी लगेच मान डोलावली. त्यांच्याकडे नेमकं हेच विसरलं गेलं होतं.

ठेकेदाराचा विरोध होता. चार बोटं म्हणजे त्याच्या जाळ्यात कमी मासे. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते कुणी उडवून लावलं नाही याचं मला बरं वाटलं. शेवटी ठरलं ते असं: भाताच्या दिवसांत रेघ चार बोटं खाली, कापणीनंतर ७.९० वर, आणि यंदाच्या ठेक्याच्या रकमेत त्याला थोडी सूट. सूट किती यावर पुन्हा अर्धा तास. चाळीस मीटरच्या बसलेल्या टप्प्यासाठी मोजणीचा नकाशा जोडून अर्ज करायचा, आणि तोवर असोसिएशनच्या शिलकीतून पावसाच्या आधी माथा उचलायचा. मजुरी वाड्यातल्याच माणसांना.

हे आठ दिवसांत सुटलं असं मला म्हणायचं नाही. २०१५ मध्ये जगाने २०३० पर्यंतची सतरा उद्दिष्टं मान्य केली. त्यांत भूक आहे, पाणी आहे, हवामान आहे, आणि ती मोठ्या सभागृहांत ठरली. इथे एका पडवीत चार बोटांवर अडीच तास गेले, आणि तेही मला तितकंच मोठं काम वाटतं.

आठवा दिवस, गुरुवार

पहाटे ओहोटीला आजोबा, नात आणि रंगाचा डबा घेतलेला एक मुलगा मानशीत उतरले. नातीने दुर्बिणीतून खूण दिली, मुलाने ब्रश टेकवला. दोन रेघा ओढल्या, वरची ७.९० ची, खालची आजोबांची. ठेकेदार काठावर उभा होता. रेघ सरळ येत नव्हती म्हणून त्याने दोरीचं दुसरं टोक धरलं.

यंत्राची पेटी मी मास्तरांच्या घरीच ठेवली. आम्हा चौघींचं तसं आधीच ठरलं होतं, जिथे कुणी शिकेल तिथे ते राहील. भाईंनी निघताना मानशीच्या झडपेचं माप घेतलं, रुंदी, जाडी, बिजागरीची जागा. खुलन्याच्या एका छोट्या कालव्यावर तशी लाकडी झडप करून बघायची आहे त्यांना. केनियाच्या बाईंना पोदेराने एक उंडो, म्हणजे गोल पाव, बांधून दिला, फळ्याखाली उभं राहून.

करमळीला गाडीला अजून वीस मिनिटं होती. फोनवर नातीचा संदेश आला. तिने सकाळच्या सुकतीची पातळी मोजून वहीचं पान पाठवलं होतं. सातव्या ओळीत वजाबाकी चुकली होती. मी काही लिहिणार तेवढ्यात दुसरं छायाचित्र आलं. तीच ओळ खोडून शेजारी बरोबर आकडा, आणि खाली बारीक अक्षरात, "आजोबांनी विचारलं, पाणी एवढं खाली कसं जाईल? म्हणून परत केलं."